गाडीला भारत, सिस्टरला वेस!

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटारगाड्यांसाठी ‘बीएच’ ही भारत मालिका सुरू केली. साहेबांची बदली पुण्याहून लखनौला झाली, तरी आता गाडीची नव्याने नोंदणी नको, आरटीओची एनओसी नको, जुन्या राज्यात भरलेला रोड टॅक्स परत मिळवण्यासाठी खेटे नकोत. एक पाटी लावली की सारा देश मोकळा. उत्तम झाले. रेशनकार्डही आता परराज्यातल्या दुकानात चालते. ट्रकचालकाचे लायसन्स १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने देशभर चालतेच. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घेतलेला वकील गुवाहाटीच्या कोर्टातही उभा राहू शकतो. अॅडव्होकेट्स अॅक्टचे कलम ३० पन्नास वर्षे धूळ खात पडले होते, ते अखेर जून २०११ मध्ये लागू झाले. वकिलाला आपले नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत न्यायचे असेल, तर त्यासाठी फी घेऊ नये, असेही त्याच कायद्याचे कलम १८ बजावते. मग मागे उरले कोण? मागे उरली ती, जी पहाटे तीन वाजता तुमच्या वडिलांच्या सुकलेल्या हाताची शीर शोधत उभी असते.

ती राज्याची सीमा ओलांडते तेव्हा तिची पदविका, तिची नोंदणी, आयसीयूत काढलेली वर्षे, सारे वेशीवर अडते. सोबत शाळेत जाणारी दोन मुले असली, तर तीही अडतात. एका बाजूला नव्या राज्याच्या परिचर्या परिषदेचे काउंटर, दुसऱ्या बाजूला शाळेचे ऑफिस; आणि या दोन्ही ठिकाणी एकाच बाईने एकाच आठवड्यात रांगेत उभे राहायचे, तेही नाइट ड्यूटी करून. संविधानाच्या १९ व्या कलमाने या देशात कुठेही जाण्याचे, कुठेही वसण्याचे आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परिचारिकेला ते स्वातंत्र्य तीन प्रतींत, नोटरीच्या शिक्क्यासह, मागावे लागते. हा निव्वळ ढिसाळपणा आहे, असे म्हणून आम्ही कोणालाही सोडणार नाही. हा अन्याय आहे, तो वर्षानुवर्षे डोळ्यांदेखत चालला आहे, आणि त्यावर काहींची दुकाने चालतात.

कायदा नाही म्हणून हे होते, असे कोणी सांगू लागला तर त्याला १९४७ सालात न्यावे. फाळणीच्या वणव्यात होरपळणाऱ्या देशाने त्या वर्षाच्या अखेरीस इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा केला, तो देशभर परिचर्येच्या प्रशिक्षणाचा दर्जा एकसारखा असावा याच हेतूने. त्याचे कलम ११ सांगते की मान्यताप्राप्त पात्रता ही कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव दाखल होण्यासाठी पुरेशी पात्रता आहे. पुढे त्याला कलम १५अ जोडले गेले: सगळ्या राज्यांच्या नोंदवह्यांतली नावे एकत्र करून एक अखिल भारतीय नोंदवही ठेवा. अलीकडे त्यासाठी संगणकप्रणाली आली, आधारशी जोडलेला प्रत्येक परिचारिकेचा स्वतंत्र क्रमांक आला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायदा आला, त्यातही राष्ट्रीय नोंदवही आहेच. अभ्यासक्रम एक, पात्रता एक, क्रमांक एक. देशात तीस लाखांहून अधिक परिचारिका नोंदलेल्या आहेत. एवढे सारे असून एका राज्यातल्या सिस्टरने दुसऱ्या राज्यात सलाइन लावायचे म्हटले की तिथली परिषद विचारते: तुमची नोंदणी इथली आहे का?

एका सिस्टरची फाइल आमच्या टेबलावर उघडी आहे. जीएनएम झालेली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या खासगी इस्पितळांत बारा वर्षे काढलेली बाई. नवऱ्याच्या कंपनीने कारखाना शेजारच्या राज्यातल्या मोठ्या शहरात हलवला, म्हणून तिनेही बिऱ्हाड हलवले. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. फाइलमध्ये तीन वर्षांच्या गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या कव्हरात आहेत. नोंदणीचे प्रमाणपत्र, नूतनीकरणाची पावती, कुठल्या कुठल्या कार्यशाळांना बसून गोळा केलेले निरंतर परिचर्या शिक्षणाचे (सीएनई) तास. त्याखाली नावाचा घोळ. पदविका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि नव्या राज्यात वडिलांचे नाव आद्याक्षरात लिहायची रीत. त्यामुळे तिथल्या कारकुनाला ही एकच बाई तीन बायका वाटते. मग प्रतिज्ञापत्र, मग लग्नानंतर नाव बदलल्याचे राजपत्र. त्या राजपत्राची छापील प्रत चुरगळून तिच्या घडीवर अक्षरे पुसट झाली आहेत. इतक्या वेळा ती कोणाकोणाला दाखवली गेली आहे.

एवढ्यावर भागत नाही. जुन्या परिषदेने नव्या परिषदेला परस्पर कळवायचे असते की ही बाई खरी आहे आणि हिच्यावर काही कारवाई चालू नाही. ते पत्र बाईच्या हाती देत नाहीत. इकडे विचारले तर ‘आम्ही पाठवलं’, तिकडे विचारले तर ‘आमच्याकडे आलं नाही’. दोन्ही उत्तरे खरी असू शकतात, ही त्यातली मौज. मधल्या काळात पत्र कुठे आहे याची चौकशी करण्याचे काम सरकारने त्या बाईवरच सोपवलेले आहे.

आता ही साखळी पाहा. शाळेला पत्त्याचा पुरावा हवा, म्हणजे भाडेकरार हवा. घरमालकाला पगारपत्रक हवे. पगारपत्रक देणाऱ्या हॉस्पिटलला राज्याची नोंदणी हवी. नोंदणीला जुन्या परिषदेची एनओसी हवी. आणि शाळेतले प्रवेश काही त्या एनओसीसाठी थांबत नाहीत. परिषदेतल्या एका टेबलावर पडलेल्या कागदाचा फटका आठवीतल्या मुलीला बसतो, हे त्या टेबलावरच्या माणसाला ठाऊकही नसते. शिक्षण खात्याला परिषद ठाऊक नाही, परिषदेला शाळा ठाऊक नाही. संविधानाच्या समवर्ती सूचीत शिक्षण २५ व्या नोंदीत आहे आणि व्यवसायांचा विषय २६ व्या. कागदावर इतके सख्खे शेजारी! समवर्ती म्हणजे दिल्लीही जबाबदार आणि राज्येही जबाबदार. आमच्याकडे त्याचा अर्थ असा केला गेला आहे की दिल्लीने राज्यांकडे बोट दाखवावे आणि राज्यांनी दिल्लीकडे.

मुलांच्या बाजूलाही कायदा आहे, आणि तो चांगला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५: कोणत्याही कारणाने मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत जावे लागले, तर तो त्याचा हक्क आहे, जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही किंवा लांबवायचा नाही, दाखला रखडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई. कलम १५ म्हणते, मुदत टळून गेली तरी मुलाला प्रवेश नाकारू नका. वाचून ऊर भरून येतो. मेख पुढे आहे. कलम ५ च्या या हक्कातून विनाअनुदानित खासगी शाळा वगळल्या आहेत, केंद्रीय विद्यालयांसारख्या खास वर्गातल्या शाळाही वगळल्या आहेत, आणि सगळा कायदाच आठवीपाशी थांबतो. मुलगी नववीत गेली की तिच्या हातात उरतो फक्त शाळा सोडल्याचा दाखला, आणि परराज्यातला दाखला म्हटला की शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणा, असे आजही अनेक शाळांच्या खिडकीवर सांगतात. जिल्हा परिषदेतल्या त्या एका सहीसाठी आईने नव्या नोकरीतून रजा काढायची, रातराणीने कोल्हापूर गाठायचे, साहेब दौऱ्यावर आहेत हे ऐकायचे आणि परत फिरायचे. आणि हे कशासाठी? मुलाची नोंद यू-डायस या देशभरच्या शालेय माहितीप्रणालीवर आहे. त्याचा क्रमांक आहे. त्याने कोणती इयत्ता कोणत्या शाळेत केली हे कळ दाबताच दिसते. जुन्या शाळेने ती नोंद पुढे सोडली नाही तर नवी शाळा हतबल होते, ही निराळी रड. परंतु शाईची सही आणि संगणकाची नोंद दोन्ही मागायची, आणि दोन्हींपैकी एक तरी अडेल अशी तजवीज ठेवायची, हा कुठल्या शास्त्रातला कारभार?

वेळापत्रकांचा घोळ तर विचारूच नका. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, महाराष्ट्र बोर्डाचे जूनच्या मध्यावर. गोव्याने २०२५ पासून वरच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये आणले. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या सिस्टरला मे महिन्यात गोव्यातल्या डिचोलीत नोकरी लागली, तर तिच्या सातवीत जाणाऱ्या मुलाने सहावीचा निकाल घेऊन येईपर्यंत तिकडे सातवीचे धडे सुरू झालेले असतात. दहा मैलांच्या अंतरात एक महिना हरवतो.

आता दुकानांविषयी. नव्या राज्याची नोंदणी हाती नसलेली सिस्टर ही अनेक खासगी हॉस्पिटलांना अडचण वाटत नाही, सोय वाटते. तिला ‘ट्रेनी’ म्हणून घ्यायचे, ‘असिस्टंट’ म्हणून घ्यायचे, काम मात्र स्टाफ नर्सचे करून घ्यायचे: तेच व्हेंटिलेटर, त्याच बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, तेच ओव्हर देणे-घेणे. पगार निम्मा. नोंदणी आली की वाढवू, असे तोंडी आश्वासन. मूळ प्रमाणपत्रे ‘व्हेरिफिकेशनसाठी’ ठेवून घ्यायची, म्हणजे पाखरू उडायला नको. ज्या परिषदेकडे ही मूळ प्रमाणपत्रे दाखवल्याशिवाय नोंदणी होत नाही, तिच्याकडे न्यायला ती मागितली, तर ‘एचआर सुट्टीवर आहे’. उशीर जितका लांबेल तितका फायदा. परिषदेच्या काउंटरवर एनओसी रखडली की कोणत्या तरी मालकाचा पगारखर्च वाचतो, हे ज्याला दिसत नाही त्याने डोळे तपासून घ्यावेत.

आणि पगाराचे काय? परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली आणि समितीने स्पष्ट आकडे मांडले. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी हॉस्पिटलात राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार. शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको. पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको. पन्नासच्या आत असल्या तरी वीस हजार रुपयांच्या खाली नाही. शिफारशी राज्यांकडे गेल्या. राज्यांनी त्या वाचल्या असाव्यात. ‘ट्रेनी’ या एका शब्दाने त्या सगळ्या शिफारशींच्या तोंडाला पाने पुसता येतात, कारण ट्रेनी ही परिचारिकाच नव्हे!

भाषेचा प्रश्न आम्ही मुद्दाम सोडणार नाही. तो अडचणीचा आहे आणि आमच्याच घरातला आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. कर्नाटकाने २०१५ मध्ये कन्नडसाठी कायदा केला, तमिळनाडूने २००६ मध्येच, केरळने २०१७ मध्ये, तेलंगणाने २०१८ मध्ये. आम्ही मराठीच्या बाजूचे आहोत. या राज्यात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला मराठी आली पाहिजे, यावर आमची तडजोड नाही. म्हणूनच विचारतो: कोट्टयमहून आलेल्या सिस्टरच्या सहावीतल्या मुलाला मराठी शिकवण्याची जबाबदारी कोणाची? कायदा करणाऱ्या सरकारची की रात्रभर वॉर्डात उभे राहून सकाळी आठला घरी येणाऱ्या त्याच्या आईची? सरकारने सक्ती केली आणि शिक्षक द्यायचे मात्र विसरले. परराज्यातून मधल्या इयत्तेत आलेल्या मुलांसाठी वर्षभराचा जोडवर्ग कुठे आहे? तो वर्ग होईपर्यंत त्या मुलाला पहिल्या वर्षी नापासाच्या धास्तीतून सूट कुठे आहे? ‘ळ’ म्हणता येत नाही म्हणून वर्गात हसे होणारे पोर मराठीवर प्रेम करील, अशी आमच्या पुढाऱ्यांची समजूत असावी. आणि हेच आमच्या गडहिंग्लजच्या पोराला बंगळुरात कन्नडच्या तासाला सोसावे लागते, तेव्हा आम्हीच गळा काढतो. आपल्या पोराला तिथे जी माया हवी, ती इथे आलेल्या पोराला देण्याइतके मराठीचे काळीज मोठे नसेल, तर आमचा भाषाभिमान म्हणजे नुसता ढोल आहे.

मुले मोठी झाली की वेस आणखी उंच होते. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातली जागा हवी तर अधिवास हवा, आणि दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच हवी. ज्या सिस्टरने मुलगी नववीत असताना नाइलाजाने राज्य सोडले आणि दोन-तीन वर्षांनी परत आली, तिच्या मुलीची दहावी परराज्यातली. तिच्यापुढे ८५ टक्के जागांचे दार बंद. नियमाला अपवाद आहेत: केंद्र सरकारी नोकर, सैनिक, महाराष्ट्र शासनाचे कर्मचारी यांच्या मुलांना. खासगी हॉस्पिटलातल्या सिस्टरला नाही. केंद्रीय विद्यालयांचेही तेच. सततच्या बदल्यांनी मुलांच्या शिक्षणाची आबाळ होते, हे सरकारला १९६२ मध्ये कळले आणि त्यातून ही शाळांची मालिका उभी राहिली. म्हणजे दुखणे ठाऊक आहे, औषध ठाऊक आहे. फक्त औषध स्वतःच्या माणसांपुरते ठेवले आहे. बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याचे मूल हे देशाचे मूल, आणि पोटासाठी जाणाऱ्या सिस्टरचे मूल हा त्या बाईचा खासगी प्रश्न!

जातीच्या दाखल्याचा काच याहून करकचून बसणारा. परिचर्येत दलित, आदिवासी मुली मोठ्या संख्येने येतात. अनेक घरांतली ही पहिली पगाराची नोकरी. राज्य ओलांडले की त्यांच्या मुलांचे अनुसूचित जाती-जमातीचे संरक्षण नव्या राज्याच्या जागांपुरते संपते. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात घटनापीठाने हेच ठरवले, आणि तो खटला मुंबईतल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाचा होता. वडिलांच्या नोकरीपायी लहानपणी आंध्रातून मुंबईत आलेला मुलगा. आंध्रात आदिवासी, मुंबईत कोणीच नाही. न्यायालयाने राष्ट्रपतींच्या यादीचा शब्द पाळला. तो त्याचा धर्म. परंतु शिक्के बदलल्याने मुलाच्या पाठीवरचे वळ पुसले जात नाहीत, याचा विचार संसदेने करायचा होता. तो प्रश्न संसदेने तेव्हापासून भिजत घातला आहे.

परिषदांचे समर्थक म्हणतील, बनावट प्रमाणपत्रांचा सुळसुळाट आहे, तपासणी नको का? हवी. कडक हवी. बोगस कॉलेजांतून पैसे मोजून कागद आणणाऱ्याच्या हाती पेशंट देऊ नये, याबद्दल दुमत नाही. परंतु सध्याच्या पद्धतीत अडतो तो प्रामाणिक माणूस. बनावट कागद करणारा एनओसीही बनवू शकतो. बनावट कागद पकडायचा असेल तर देशाची एकच नोंदवही, क्रमांक टाकताच फोटोसकट उघडणारी, यासारखे हत्यार नाही. तीच नोंदवही तयार असताना दोन परिषदा एकमेकींना लिफाफे पाठवत बसतात. दुसरा आक्षेप राज्यांच्या स्वायत्ततेचा. ऑस्ट्रेलियाही संघराज्य आहे. तिथे २०१० पासून परिचारिकेची एकच राष्ट्रीय नोंदणी सगळ्या राज्यांत चालते. अमेरिकेतली राज्ये आपल्या अधिकारांबाबत आमच्यापेक्षा जास्तच तिखट. तिथेही चाळीसहून अधिक राज्ये आणि प्रदेश परस्परांचे परवाने मानणाऱ्या कराराने बांधली गेली आहेत. त्यांची राज्ये विरघळून गेल्याचे ऐकिवात नाही.

आणि खुद्द आमच्या राज्याला गरज पडली तेव्हा काय झाले? मे २०२० मध्ये मुंबई कोविडने गुदमरत होती, तेव्हा महाराष्ट्राने केरळ सरकारला पत्र लिहून पन्नास डॉक्टर आणि शंभर परिचारिका मागितल्या. केरळातून पथक आले. विमानतळावर कोणी ‘आधी इथली नोंदणी दाखवा’ म्हणून त्यांना थांबवल्याचे कानावर आले नाही. आमचा जीव घशाशी आला की ती देशाची, आणि तिच्या मुलाला शाळा हवी असली की परप्रांतीय! त्याच मे महिन्यात कोलकात्यातल्या खासगी हॉस्पिटलांतून मणिपूरच्या परिचारिका शेकड्याने राजीनामे देऊन गावी परतल्या, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. धक्का कसला? ज्या शहराने त्यांना कधी आपले मानले नाही, त्या शहरासाठी त्यांनी मरावे अशी अपेक्षा होती काय?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात सेवासदन उभे करून रमाबाई रानड्यांनी बायकांना ससूनमध्ये परिचर्या शिकायला पाठवले, तेव्हा कोणाकोणाची मलमूत्रे काढायला आमच्या बायका जाणार का, म्हणून सनातन्यांनी आकांडतांडव केले. ते सनातनी गेले. त्यांची जागा आता शिक्का हाती धरलेल्या माणसाने घेतली आहे. तो शिवी देत नाही, ‘सोमवारी या’ म्हणतो. परिणाम तोच. घराबाहेर पडलेल्या बाईला कुठे तरी अडवायचे. किती तरी सिस्टर शेवटी हाच हिशेब करतात: आपण एकटीने जावे, मुले आजीकडे ठेवावीत. हॉस्टेलच्या खाटेवर बसून ती व्हिडिओ कॉलवर पोराची वही तपासते, आणि ‘सिस्टर, बेड नंबर चार’ अशी हाक आली की कॉल कापते. याला सरकारी भाषेत रोजगारासाठीचे स्थलांतर म्हणतात. आम्ही म्हणतो, ही आई आणि मुलांची फाळणी आहे, आणि ती कागदांनी केलेली आहे.

संताप याचा येतो की परदेशी पाठवायचे म्हटले की याच सरकारला सगळे सुचते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आहेत, सरकारी खर्चाने जर्मन शिकवण्याची योजना आहे. श्टुटगार्टला जाणाऱ्या सिस्टरची जर्मन भाषेची काळजी मंत्रालयाला आहे. कागल ओलांडून निपाणीला जाणाऱ्या सिस्टरच्या मुलाच्या कन्नडची काळजी कोणालाच नाही. तिकडून अथणी-विजापूरचे पेशंट मिरजेच्या दवाखान्यांत येतात, सिंधुदुर्गातले पेशंट गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जातात. त्यांचे दुखणे कोणत्या राज्याचे आहे, असे सीमेवर कोणी विचारत नाही. रुग्णाला एक सीमा, आणि त्याला बरे करणारीला दुसरी, हे कुठले गणित?

दिल्ली नवा कायदा कधी पूर्ण राबवील, याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६ चा, आमचाच; त्यात दुरुस्ती करणे विधिमंडळाच्या हातात आहे. राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक दाखवणाऱ्या परिचारिकेला पंधरा दिवसांत महाराष्ट्राची नोंदणी द्या, आणि सोळाव्या दिवशी उत्तर नसेल तर नोंदणी झाली असे समजा. त्या पंधरा दिवसांतही तिला पूर्ण पगाराने कामावर घेणे बंधनकारक करा. मूळ प्रमाणपत्रे दाबून ठेवणाऱ्या हॉस्पिटलचा नर्सिंग होमचा परवाना थांबवा. एकाचा थांबवला की बाकीची कपाटे आपोआप उघडतील. परराज्यातल्या दाखल्यावरची प्रतिस्वाक्षरी एका शासन निर्णयाने रद्द करा आणि यू-डायसची नोंद सात दिवसांत पुढे सोडली नाही तर मुख्याध्यापकाला जाब विचारा. कलम ५ चा हक्क दहावीपर्यंत आणि विनाअनुदानित शाळांपर्यंत न्या. राज्य कोट्यातले अपवाद खासगी परिचारिकांच्या मुलांना लावा. आणि प्रत्येक महापालिकेच्या किमान एका शाळेत परराज्यातून आलेल्या मुलांसाठी मराठीचा जोडवर्ग उघडा, रात्रपाळीच्या आयांची मुले संध्याकाळी तिथेच थांबू शकतील असा. पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर हवे, असे कायदा २०१७ पासून म्हणतो. पाळणाघरातून बाहेर पडलेल्या सात वर्षांच्या मुलाने कुठे जायचे, हे मात्र त्याने सांगितलेले नाही.

सुरुवात गोव्यापासून करता येईल. वकिलांसाठी दोन्ही राज्यांचे बार कौन्सिल एक, उच्च न्यायालय एक. परिचारिकांसाठी मात्र दोन परिषदा, दोन दारे. दोन्ही सरकारांच्या आरोग्य आणि शिक्षण सचिवांनी सावंतवाडीत एक दिवस बसावे, परस्परांच्या नोंदण्या आणि दाखले जसेच्या तसे मानण्याचा करार करून उठावे. कर्नाटकाशी सीमेचा वाद चालू राहील. त्याचा या कागदाशी संबंध नाही, आणि तो कोणी जोडू नये. आम्हाला आश्वासन नको आहे. आम्हाला तारीख हवी, आणि ती मार्चअखेरच्या आतली हवी, कारण गोव्यातल्या शाळा एप्रिलमध्ये उघडतात.